मांजर औषध घेत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडून दत्तक गेलेल्या मांजरांच्या घरून रात्री दहानंतर फोन आला की विषय बहुधा औषधाचा असतो. पहिली गोळी सोफ्याखाली सापडली, दुसरी बोक्याने गालात धरून ठेवली आणि गॅलरीत जाऊन थुंकली, तिसरीसाठी हात पुढे केला तर तो कपाटावर. आता काय करू? त्या फोनवर जे सांगतो ते इथे लिहून ठेवलं आहे. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. ते मांजराच्या पोटात कसं जाईल, एवढाच इथला विषय.

डॉक्टरांकडून निघण्यापूर्वी काय विचारून घ्यावं?

सगळ्यात आधी हे विचारा: हेच औषध दुसऱ्या रूपात मिळतं का? मांजराशी झटापट सुरू करण्याआधी औषधाचं रूप बदलून बघणं केव्हाही शहाणपणाचं. गोळीऐवजी सिरप चालेल का, सिरपऐवजी लहान गोळी मिळेल का, दिवसातून दोनदाऐवजी एकदा देता येईल असा पर्याय आहे का, इंजेक्शन देता येईल का. जंतांचं औषध तर मानेवर टाकायच्या थेंबांच्या रूपातही असतं. बरेच डॉक्टर हे आपणहून सांगत नाहीत, कारण समोरचा माणूस मान डोलावून "हो, देतो" म्हणतो.

तिथे ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "मला गोळी देता येत नाही, मांजर चावतं" हे स्पष्ट सांगा. पाच दिवसांनी "फरक नाही" म्हणून परत गेलात आणि गोळ्या पोटात गेल्याच नव्हत्या हे लपवलंत, तर डॉक्टर आणखी जोरकस औषध लिहून देतील. पहिला डोस तुमच्यासमोर टेबलावरच द्यायला सांगा आणि नीट बघा. हात कुठे ठेवतात, मान किती वर करतात, हे वाचून कळत नाही.

शिवाय: गोळी उपाशीपोटी की खाण्याबरोबर? मोडली तर चालते का? दुधाच्या पदार्थातून चालते का? डोस चुकला तर काय करायचं? ही उत्तरं चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या. घरी पोहोचेपर्यंत निम्मं विसरायला होतं.

कुत्रा पोळीच्या तुकड्यातून गोळी गिळतो. मांजरालाच काय होतं?

कुत्रा आधी गिळतो आणि मग विचार करतो. मांजर आधी हुंगतं, मग चाटतं, मग दाताखाली तुकडा धरून बघतं. एवढ्या तीन चौक्यांतून गोळी सुटणं कठीण.

त्यात चवीचा भाग वेगळा. मांजराला गोड चव कळतच नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिलं, की जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचं (रिसेप्टरचं) एक जनुक मांजर कुळात निकामी झालेलं आहे. म्हणून लहान मुलांसाठी बनवलेलं गुलाबी, गोडमिट्ट सिरप मांजरापुढे काही कामाचं नाही. गोडवा त्याला लागत नाही, त्याखालचा कडवटपणा मात्र बरोबर लागतो. मध, गूळ, साखरेचा पाक यांत औषध कालवण्याचा खटाटोप करू नका.

मग खाण्यात मिसळून देऊच नये का?

जरूर द्या, सुरुवात तिथूनच करा. फक्त वाटीभर खाण्यात कालवू नका. मांजर निम्मं खाऊन उठलं तर किती औषध गेलं ते कळत नाही. आणि दुसरा तोटा मोठा आहे: रोजच्या जेवणाला एकदा औषधाची चव लागली की ते जेवणच सोडून देतं. आजारी मांजराने खाणं सोडणं परवडणारं नाही.

औषध नेहमी एका घासात, आणि तो घास रोजच्या जेवणापेक्षा वेगळा. उकडलेली चिकनची कलेजी, काटे काढलेला बांगडा, उकडलेल्या अंड्याचं पिवळं, नाही तर दुकानात नळीत मिळणारं क्रीमसारखं ट्रीट. हे एरवी द्यायचं नाही, औषधाच्या वेळेसाठी राखून ठेवायचं. घास किंचित कोमट असू द्या. वास वाढला की मांजराचा संशय कमी होतो.

आता देण्याची रीत. वाटाण्याएवढे तीन घास करा. पहिला नुसता. दुसऱ्यात गोळी. तिसरा नुसता, आणि तो दुसरा घास तोंडात असतानाच नाकासमोर धरायचा. पुढच्या घासाच्या घाईत दुसरा गिळला जातो. ही युक्ती भुकेच्या वेळी, म्हणजे सकाळी जेवणाआधी, उत्तम चालते. पोट भरल्यावर मांजराला चौकशीला भरपूर वेळ असतो.

सुका जवळा किंवा सुके बोंबील यांचा वास मांजराला वेड लावतो, पण त्यात मीठ फार. किडनीच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला देऊ नका, इतरांनाही चिमूटभरच.

कालच्या रश्श्यातला चिकनचा तुकडा चालेल?

नाही. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात आणि त्यातून रक्तक्षय होतो. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा दोष जात नाही. आपल्याकडे वाटणात दोन्ही असतात, त्यामुळे तुकडा धुऊन देण्यातही अर्थ नाही. मांजरासाठी दोन तुकडे मीठ-मसाल्याशिवाय वेगळे उकडायला पाच मिनिटं लागतात.

आमचं घर शाकाहारी आहे, अंडंसुद्धा येत नाही. गोळी कशात लपवू?

मांजराला मुळात मांस लागतंच, त्यामुळे तयार कॅटफूड तुमच्याकडे येत असणार. त्याचंच ओल्या खाण्याचं पाकीट किंवा क्रीमचं ट्रीट वापरा. स्वयंपाकघरातलं घेऊन काम भागत नाही.

पनीर आणि चीजचा विचार कराल, तर एक अडचण आहे. डॉक्सिसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि मग अंगात नीट शोषली जात नाहीत. म्हणजे गोळी पोटात गेली, पण तिचा उपयोग अर्धवट झाला. दूध, दही, पनीर यांतून औषध देण्याआधी डॉक्टरांना विचाराच. दुधाबद्दल आणखी एक: बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. गोळीवर लोण्याचं किंवा तुपाचं बोट फिरवणं वेगळं, ते फक्त घसरण्यापुरतं असतं आणि चालतं.

गोळी कुटून पूड करून दिली तर?

कुटली की कडवटपणा तिप्पट जाणवतो, हा आमचा कायमचा अनुभव. कंपनीने गोळीवर जो पातळ लेप दिलेला असतो तो कडू चव लपवण्यासाठीच असतो, आणि तोच तुम्ही फोडता. जंतांच्या गोळीतलं प्राझिक्वांटेल याचं उत्तम उदाहरण. अख्खी गोळी गेली तर मांजराला पत्ता लागत नाही, मोडली की तोंडाला फेस. काही गोळ्या आतड्यात जाऊन विरघळाव्यात किंवा हळूहळू सुटाव्यात अशा बनवलेल्या असतात, त्या कुटल्या तर डोसच बिघडतो.

पाव गोळी लिहून दिली असेल आणि मोडावीच लागत असेल, तर विळी-सुरी न वापरता औषधाच्या दुकानातून पिल कटर आणा. कडू तुकडा जिलेटिनच्या सगळ्यात लहान रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरला की चव लागत नाही. मोठ्या औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन अशा कॅप्सूल मिळतात. दोन वेगळ्या गोळ्यांचे तुकडे एकाच कॅप्सूलमध्ये घालायचे असतील तर आधी विचारून घ्या.

खाण्यातून काही केल्या जमत नाही. थेट तोंडात गोळी कशी घालायची?

दोन दिवस खाण्यातून प्रयत्न फसले की तो नाद सोडा. थेट गोळी देणं ऐकायला भयंकर वाटतं, पण हात बसला की दहा सेकंदांचं काम आहे आणि मांजरालाही त्याचा त्रास कमी होतो. अर्धा तास मागे मागे फिरून आर्जवं करणं त्याला जास्त घाबरवतं.

आधी सगळं हाताशी ठेवा: गोळी, तिला लोण्याचा हलका हात, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये पाच-सहा मिलिलिटर पाणी, आणि नंतरचा खाऊ. मगच मांजराला आणा. उलट क्रम केलात तर स्ट्रिप फाडण्याच्या आवाजाने ते पलंगाखाली गेलेलं असेल.

जमिनीवर गुडघे टेकून बसा आणि मांजर दोन गुडघ्यांच्या मध्ये घ्या, त्याचं तोंड तुमच्या विरुद्ध दिशेला. मांजर मागे सरकत निसटतं, आणि मागे तुम्ही आहात. डावा हात वरून डोक्यावर ठेवा, अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी गालाच्या हाडांपाशी, सुळ्यांच्या जरा मागे. मिशा दाबल्या जाणार नाहीत असं बघा. नाक छताकडे वर करा. मान वर झाली की खालचा जबडा आपोआप थोडा सैल पडतो. उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत गोळी धरा आणि मधल्या बोटाने खालच्या पुढच्या बारीक दातांवर हलकं दाबा. तोंड उघडेल. गोळी जिभेच्या मधोमध, जितकी मागे जाईल तितकी मागे सोडा. बोट बाहेर, तोंड बंद, मान लगेच सरळ. गळ्यावरून वरून खाली हात फिरवा. मांजराने जीभ बाहेर काढून नाक चाटलं की बहुधा गोळी गिळली.

इथे नवशिक्यांचं गाडं एकाच जागी अडतं: गोळी जिभेच्या टोकावर किंवा कडेला पडते आणि मांजर ती अलगद बाहेर ढकलतं. बोट आत घालायची भीती वाटत असेल तर पिल गन घ्या. पेनएवढी प्लॅस्टिकची नळी असते, टोकाला रबर, त्यात गोळी अडकवून मागचा दांडा दाबायचा. चावणाऱ्या मांजरासाठी ही छोटीशी वस्तू फार मोलाची आहे.

दोन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबा. तासाभराने पुन्हा.

गोळीनंतर पाणी खरंच लागतं?

हो, आणि ही पायरी गाळण्याचा मोह होतो म्हणून मुद्दाम वेगळी सांगतो. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत बराच वेळ अडकून राहू शकते. डॉक्सिसायक्लिन आणि क्लिंडामायसिन तिथेच विरघळली तर आतून भाजल्यासारखी जखम होते. ती भरताना अन्ननलिका आखडते आणि मग घन अन्न उतरत नाही. सर्दी-खोकल्याच्या आणि गोचिडांमधून होणाऱ्या आजारांत डॉक्सिसायक्लिन आपल्याकडे सर्रास दिलं जातं, म्हणून हे लक्षात असलेलं बरं. सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी गालातून थोडं थोडं सोडा. ते नको असेल तर लगेच चमचाभर ओलं खाणं किंवा क्रीमचं ट्रीट द्या.

पंजे मारतं. टॉवेलमध्ये गुंडाळू का? की मानगूट धरू?

टॉवेल चालेल. तान्ह्या बाळाला दुपट्यात बांधतात तसं, चारही पाय आत आणि फक्त डोकं बाहेर. गच्च हवं, पण छाती दबता कामा नये. टॉवेल एरवीही त्याच्या झोपायच्या जागी अंथरलेला असू द्या, म्हणजे तो दिसला की संकट आलं असं समीकरण बसत नाही.

मानगूट धरून उचलणं किंवा दाबून ठेवणं नको. "आई पिल्लाला तसंच उचलते" हे पिल्लापुरतं खरं आहे. मोठं मांजर त्याने शांत होत नाही, घाबरून थिजतं, आणि पुढच्या वेळी तुम्हाला हात लावू देत नाही. घरातल्या चौघांनी चारी बाजूंनी धरणंही तसंच. दोन माणसं पुरेत, आणि त्यातलं एक न बोलणारं असेल तर उत्तम.

सिरप देताना ठसका लागतो.

गोळीला मान वर, सिरपला मान सरळ. हा फरक चुकला की औषध श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनियापर्यंत पाळी येते. सिरिंज समोरून न घालता बाजूने, सुळ्याच्या मागे गाल आणि दात यांच्यामधल्या खोबणीत टेकवा. एकदम जोरात दाबू नका. अर्धा मिलिलिटर, मग गिळू द्या, मग पुढचा. बाटली आधी नीट हलवा, नाहीतर पहिले डोस पाण्यासारखे आणि शेवटचे फार कडक होतात.

औषध दिल्यावर तोंडाला फेस आला, लाळ गळतेय. विष चढलं का?

बहुतेक वेळा फक्त कडू लागलं आहे. मेट्रोनिडाझोल दिल्यावर तर हमखास होतं. थोडं पाणी किंवा खाऊ द्या, दहा-पंधरा मिनिटांत थांबतं. लाळ थांबतच नसेल, चेहरा सुजला, श्वास धापेला लागला, झटके आले किंवा तोल जाऊ लागला, तर मात्र लगेच दवाखाना.

गोळी उलटून पडली. परत देऊ?

उलटीत अख्खी गोळी दिसली तरी डॉक्टरांना विचारूनच. चुकलेल्या डोसचंही तेच, आणि पुढच्या वेळी दुप्पट कधीच नाही.

घरात पॅरासिटामॉल आहे. ताप वाटतोय, पाव गोळी दिली तर?

अजिबात नाही. हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि दरवेळी धास्ती वाटते. पॅरासिटामॉलचा निचरा करण्याची माणसाच्या यकृतात जी मुख्य वाट असते, ती मांजराच्या यकृतात जवळपास नसते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते, आणि "पाव" हा सुरक्षित आकडा नाही. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होणं, चेहरा आणि पंजे सुजणं, धाप लागणं ही विषबाधेची लक्षणं. उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, पण तो वेळेत मिळायला हवा. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा आणि स्ट्रिप बरोबर न्या. मुंबईत परळच्या जनावरांच्या दवाखान्याला, ज्याला जुने लोक बैलघोडा म्हणतात, किंवा आपल्या गावातल्या जवळच्या दवाखान्याला वाटेतूनच फोन करा.

आयब्युप्रोफेन, बाम, कापूर, निलगिरीचं तेल, सगळंच दूर ठेवा. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन असलेले गोचिडाचे थेंबही मांजराला घातक आहेत.

उपाशी ठेवलं की झक मारत खाईल ना?

मांजराबाबत हा हट्ट उलटतो. दोन-तीन दिवस पोटात अन्न नाही, तर शरीरातली चरबी यकृतात साचायला लागते आणि तोच एक जीवघेणा आजार होतो. लठ्ठ मांजरांना धोका अधिक. जेवण थोडं लांबवून भुकेच्या वेळी औषध देणं ठीक. पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नसेल तर औषधाचा प्रश्न बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना गाठा.

एफआयपीचं निदान झालंय. एवढे दिवस रोज गोळी कशी देणार?

एफआयपी म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणारा गंभीर आजार. काही वर्षांपूर्वी त्यात मांजर वाचत नसे. आता जीएस-४४१५२४ या औषधाने बरीच वाचतात. ठरलेला जुना कोर्स ८४ दिवसांचा, रोज, न चुकता. आधी इंजेक्शनं द्यायचे, ती मांजराला फार झोंबत, म्हणून आता गोळ्या-कॅप्सूलवर भर आहे.

एवढ्या लांब पल्ल्यात ताकद कामाला येत नाही, सवय येते. एकच वेळ, एकच जागा, एकच माणूस, आणि नंतर ठरलेला खाऊ. पंधरवड्यात बरीच मांजरं वेळ झाली की स्वतःच येऊन बसतात, कारण खाऊ पक्का असतो. घरातलं दुसरं एक माणूसही शिकवून तयार ठेवा. लग्नाला गावी जायचं निघालं की पंचाईत नको. दर आठवड्याला वजन करा. मांजर सुधारलं की वजन वाढतं आणि त्या प्रमाणात डोसही वाढवावा लागतो. घरचा वजनकाटा चालतो: आधी स्वतःचं, मग मांजराला घेऊन, आणि वजाबाकी.

औषधाच्या वेळी सोडून इतर वेळीही आता माझ्यापासून पळतं.

कारण तुम्ही जवळ आलात की गोळी, एवढंच त्याला उरलं आहे. दिवसातून चार वेळा काहीही न देता फक्त त्याच्याजवळ जा, हनुवटीखाली खाजवा, निघून या. अधूनमधून रिकामी सिरिंज क्रीमचं ट्रीट लावून चाटायला द्या. लपलेल्या जागेतून ओढून औषध देऊ नका. ती एक जागा त्याच्या मालकीची राहू द्या. आणि औषध देताना "माझी शोनी, माझी बाय" असा लाडाचा वेगळा सूर लावू नका. तो सूर त्याला दोन दिवसांत पाठ होतो.

सोसायटीतल्या, हाताला न येणाऱ्या मांजराला औषध कसं द्यायचं?

तिथे खाणं हाच एक मार्ग. दोन-तीन दिवस एकाच वेळी, एकाच जागी, वेगळ्या ताटलीत खायला घालून सवय लावा. मग वास तीव्र असलेल्या लहानशा घासात औषध, आणि तो संपल्यावरच बाकीचं खाणं. शेजारचा बोका येऊन ते गिळणार नाही, इतका वेळ उभं राहावं लागतं. डॉक्टरांना मांजर भटकं आहे हे सांगा, म्हणजे ते दिवसातून एकदाचं किंवा जास्त दिवस पुरणारं इंजेक्शन निवडू शकतात. पिंजऱ्यात धरूनच उपचार करावे लागतील असा आजार असेल तर एकट्याने हात घालू नका.

औषध देताना चावलं. हळद लावली, पुरे ना?

पुरे नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा. मांजराचे दात बारीक, म्हणून जखम छोटी दिसते, पण जंतू खोल जातात. हाताच्या सांध्याजवळचा चावा रात्रीतून सुजतो. रेबीज मांजरातूनही होतो. तुमच्या मांजराचं लसीकरण झालं असलं तरी लशीचा निर्णय डॉक्टरांवर सोडा. सरकारी रुग्णालयांत ही लस मिळते.

तिसऱ्याच दिवशी मनी टुणटुणीत झाली. उरलेल्या गोळ्या कशाला देऊ?

डॉक्टरांनी सात दिवस सांगितले असतील तर सात. लवकर थांबवायचं असेल तर फोन करून विचारा, कधी कधी ते हो म्हणतात. स्टेरॉइड चालू असेल तर ते एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करावं लागतं. आणि उरलेली स्ट्रिप पुढच्या आजारपणासाठी ड्रॉवरमध्ये जपून ठेवू नका. पुढच्या वेळचा आजार बहुधा वेगळाच असतो.